माशांचा रोजा

मन्सूरभाई दुपारी सुरमईच्या दोन तुकड्या चवीनं खात, आणि संध्याकाळी कुणाच्या टाकीतल्या गोल्डफिशच्या शेपटीवर पांढरा ठिपका दिसला की त्यांचाच घास अडे. यात काही विचित्र आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. राजिवड्यातले त्यांचे भाऊबंद मात्र त्यांची मनसोक्त टर उडवत. सगळं खानदान समुद्रातले मासे काढून बर्फात घालणारं, आणि हा एकटा मासे जगावेत म्हणून जिवाचा आटापिटा करणारा. "आमच्यात ह्यो असा कसा निपजला, अल्लालाच ठाव," असं त्यांचा थोरला भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. मन्सूरभाई हसून टाकीची काच पुसत राहायचे.

त्यांचं दुकान म्हणजे घराची पुढची पडवी. सहा टाक्या, एक कुरकुरणारा हवेचा पंप, भिंतीला टांगलेल्या लहानमोठ्या जाळ्या. तिशीत ते बहारीनला एका शेठच्या बंगल्यात कामाला होते. तिथे भिंतीएवढी मोठी टाकी होती, तिची देखभाल करता करता ते शिकले. नव्वद साली युद्धाच्या धास्तीनं परत आले ते एक कपड्यांची बॅग आणि ही विद्या घेऊन. रत्नागिरीत ती कुणाला हवी होती? पण हळूहळू दवाखान्यांत, हॉटेलांत, नोकरदारांच्या दिवाणखान्यांत काचेच्या टाक्या आल्या, आणि बदली झाली की माणसं मन्सूरभाईंना शोधत यायला लागली. कपाट कुणीही हलवील. जिवंत मासा एका घरातून दुसऱ्या घरात नेऊन पोचवणं हे फक्त त्यांनाच जमे. चिपळूणला, लांज्याला, एकदा तर कोल्हापूरपर्यंत त्यांनी मासे नेले होते, आणि एवढ्या वर्षांत वाटेत एकही मासा मेला नव्हता. हे ते स्वतः कधी सांगत नसत. त्यांची बायको कुलसुमभाभी सांगायची, तेही समोर ताट वाढता वाढता. माशांच्या खाण्याचा डबा आणायला म्हणून मी जायची आणि खापरोळी खाऊन परत यायची. "जेवून जा" म्हटल्याशिवाय भाभीनं मला त्या घराची पायरी कधी उतरू दिली नाही.

माझे वडील भिकाजी, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, मालवाहू जहाजांवर तीस वर्षं खलाशी होते. मन्सूरभाईंचे वडील त्यांच्याबरोबर एकाच जहाजावर होते, म्हणून मन्सूरभाई अप्पांना मामा म्हणत. सत्त्याण्णव साली अप्पांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आई आधीच गेलेली. मी जिल्हा परिषदेत कारकून, लग्न न केलेली, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. दिवसभर फायलींशी भांडून घरी यायचं, तर अप्पा खिडकीशी बसल्या जागी भिंतीकडे बघत असायचे. डॉक्टर म्हणाले, त्यांना बोलावंसं वाटेल असं काहीतरी समोर असू द्या. मी बापडी काय आणणार? रेडिओ आणला. अप्पांनी डाव्या हातानं तो बंद केला.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत मन्सूरभाई भेटायला आले, अप्पांजवळ तासभर गप्प बसले, आणि दुसऱ्या दिवशी हातगाडीवर टाकी घालून हजर झाले. मला न विचारता. मी तडकलेच. घरात एक आजारी माणूस, त्यात हे पाच जीव कोण सांभाळणार? मन्सूरभाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे खडी धुवायला बसले.

त्या पाच गोल्डफिशना आम्ही जहाजावरची नावं दिली. सगळ्यात थोराड, तांबडालाल, पुढे पुढे करणारा तो सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम. त्याच्या मागे मागे असायचा तो तांडेल, सारंगाच्या हाताखालचा. खाणं टाकलं की सगळ्यांत आधी वर येणारा भंडारी. जहाजावर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. उरलेले दोघे नुसते खलाशी. अप्पा नावं ऐकून एका बाजूनं हसायचे. मग चार-पाच महिन्यांनी, मी चहा गाळत असताना, मागून आवाज आला, "सा... रंग." मी वळून पाहिलं. अप्पांचं बोट काचेला टेकलेलं होतं आणि मासा बोटाशी तोंड लावून उभा होता. मी गाळणं हातात धरून रडले. त्यानंतर अप्पा रोज तेवढा एक शब्द बोलायचे. दुसरा कुठलाच नाही, अगदी माझं नाव, "मिरू"सुद्धा नाही. मला त्या माशाचा हेवा वाटायचा हे आज सांगायला हरकत नाही.

नव्याण्णवच्या डिसेंबरात माझी दापोलीला बदली झाली. सामान बांधायला तीन दिवस, आणि मला एकच धास्ती: मासे. सारंग वाटेत मेला तर अप्पांचा तो एक शब्दही जाईल. मन्सूरभाईंना हे मला सांगावं लागलं नाही. ते अप्पांसमोर उकिडवे बसले, त्यांचा डावा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मामा, पाचच्या पाच पोचवतो. एक पण कमी नाय." मग मला बाजूला घेऊन त्यांनी दम भरल्यासारखं सांगितलं, "मिरूताय, उद्यापासून यांना दाणा घालायचा नाय. दोन दिवस. पोट रिकामा हवा. भरल्या पोटी निघाले तर पिशवीत घाण करतील, आणि त्याच पाण्यात त्यांना श्वास घ्यायचाय."

रमजान चालू होता. मी म्हटलं, "म्हणजे तुमच्याबरोबर माझ्या माशांनाही रोजे का?"

ते खुदकन हसले. "तसाच समजा. दापोलीला पोचलो की मी पण सोडीन, ते पण सोडतील."

पहिला दिवस मी पाळला. माशांनी मात्र माझा जीव खाल्ला. मी टाकीजवळून गेले की पाचही जण वर यायचे आणि तोंडं उघडमीट करायचे. भंडारी तर काचेवर धडका द्यायचा. अप्पा माझ्याकडे बघायचे, मग हिरव्या झाकणाच्या खाण्याच्या डब्याकडे बघायचे. मी म्हणायची, "नाही अप्पा, मन्सूरभाईंनी नको म्हटलंय." ते मान हलवून गप्प बसायचे. त्यांना पटलेलं होतं. जन्मभर जहाजावर हुकूम ऐकलेला माणूस तो.

मला पटलं नव्हतं. आमच्या घरातून कुणी उपाशी पोटी निघालं असं कधी झालं नव्हतं. माझी आई, सावित्री, पाहुणा न जेवता निघाला तर भाकरीची पुरचुंडी घेऊन एसटी स्टँडपर्यंत धावत जायची. बोटीवर निघणाऱ्या अप्पांना पहाटे उठून ताटभर वाढायची, वर हातावर दही. निघायच्या शनिवारी सकाळी मी तेच केलं. अप्पांच्या हातावर दही घातलं, टेम्पोवाल्याच्या हातावर घातलं, स्वतः खाल्लं. मग टाकीसमोर आले तर पाचही तोंडं माझ्याकडे. घर रिकामं, भिंतींवर चौकटींचे डाग, आणि हे पाच मुके जीव कालपासून उपाशी. मला भरून आलं. रागही आला, मन्सूरभाईंचा. मनात म्हटलं, बहारीनच्या शेठकडची रीत माझ्या घरात कशाला? मी डबा उघडला आणि मूठभर दाणे टाकले. ते इतक्या अधाशासारखे खायला लागले की मी आणखी एक मूठ टाकली. मागे अप्पा खुर्चीत होते. त्यांनी "अं, अं" केलं. मी म्हटलं, "असू दे हो अप्पा. उपाशी कसं पाठवायचं?"

तासाभरानं मन्सूरभाई आले. टाकीतलं निम्मं पाणी त्यांनी दोन पिंपांत भरून टेम्पोत चढवलं. नव्या घरी नव्या पाण्यात जुनं मिसळलं की माशांना परकं वाटत नाही म्हणाले. फिल्टरचा स्पंज ओलाच एका डब्यात घातला. मग एकेका माशाला एकेक पिशवी, तीही दुहेरी. पिशवीचे खालचे कोपरे त्यांनी रबर लावून गोल करून घेतले, मासा कोपऱ्यात अडकू नये म्हणून. एक भाग पाणी, दोन भाग हवा. हवा म्हणजे गॅरेजवाल्याकडून मागून आणलेल्या लहान सिलिंडरमधला ऑक्सिजन. पाचही पिशव्या थर्मोकोलच्या खोक्यात उभ्या ठेवल्या, मधल्या फटींत वर्तमानपत्र कोंबलं. अंधार असला की मासे शांत राहतात. सारंगला पिशवीत सोडताना ते क्षणभर थांबले. "पोट वर आल्यासारखा दिसतोय," म्हणाले. मी सुतळी शोधायचं निमित्त करून आत गेले.

टेम्पो मागून सावकाश येणार होता. पुढे भाड्याच्या ओमनीत अप्पा, मी आणि मांडीवर खोकं घेतलेले मन्सूरभाई. सीटवर ठेवा म्हटलं तर नको म्हणाले. खड्डा आला की मांडी दबते, सीट दबत नाही. हातखंब्याला चहाला थांबलो. मन्सूरभाईंचा रोजा, ते गाडीतच बसले. अप्पांनी चहाचा पेला तोंडाशी नेलेला बाजूला सारला आणि खोक्याकडे बघत राहिले. मला वाटलं, प्रवासाचा शीण. आता वाटतं, त्यांना सगळं कळत होतं आणि सांगता येत नव्हतं. त्या सहा तासांत त्यांच्या मनात काय चाललं असेल याचा विचार मी अजूनही पुरता करू शकत नाही.

खेडजवळ भरणे नाक्याला दापोलीचा फाटा लागतो. तिथे मन्सूरभाईंनी गाडी थांबवायला सांगितली. खोक्याचं झाकण जरासं उचलून आत पाहिलं, नाक खाली नेलं. 

"पाणी गढूळ झालाय," ते म्हणाले. "असा कधी होत नाय." मग माझ्याकडे वळून, अगदी सरळ, आवाज न चढवता विचारलं, "मिरूताय, यांना काय घातला नाय ना? घातला असंल तर सांगा. इथंच थांबू, टेम्पो येऊ दे, मागच्या पिंपातला पाणी घेऊन सगळ्यांचा बदलू. नसंल घातला तर मी उगाच पिशव्या सोडायचा नाय. हात लावला की ते घाबरतात. सरळ पोचू."

इतकं सोपं होतं. अर्धा तास थांबायचं आणि एक वाक्य बोलायचं. पण पुढे ड्रायव्हर आरशातून बघत होता, दोन दिवसांपूर्वी मी या माणसाच्या रोज्याची चेष्टा केली होती, आणि चूक कबूल करायची मला जन्मात सवय नव्हती. ऑफिसातही मी चुकले तर फाईल चुकली म्हणायची.

"नाही," मी म्हटलं. "काही नाही घातलं."

अप्पांनी डावा हात माझ्या दंडावर आपटला. मन्सूरभाई म्हणाले, "मामा दमले. चला." आणि गाडी दापोलीच्या रस्त्याला लागली.

पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. खोकं उघडलं तर दोन्ही खलाशी उताणे, तांडेल आणि भंडारी तळाशी आडवे. त्या पिशव्यांतलं पाणी दुधाळ झालं होतं आणि वास येत होता. सारंग एकटा कल्ले हलवत होता. टेम्पो अजून यायचाच होता. मन्सूरभाईंनी घमेल्यात विहिरीचं पाणी घेतलं, बाही सरकवली आणि सारंगला तळहातावर धरून पाण्यात हळूहळू पुढे-मागे करायला लागले, कल्ल्यांतून पाणी खेळावं म्हणून. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. कुठूनतरी मगरीबची बांग ऐकू आली, रोजा सोडायची वेळ झाली. मी त्यांच्याजवळ पाण्याचा पेला ठेवला. त्यांनी पाहिलंही नाही.

अप्पांना आम्ही दारातच खुर्चीवर बसवलं होतं. सामानाच्या पिशवीत वर हिरव्या झाकणाचा डबा दिसत होता. अप्पा त्याच्याकडे बोट करायला लागले. डबा दाखवायचे, मग मला दाखवायचे, पुन्हा डबा. घशातून "ख... ख..." असा आवाज. मन्सूरभाईंनी मान वर केली. "काय म्हणतायत मामा?"

मी डबा उचलला आणि आतल्या फळीवर ठेवून आले.

परत येईपर्यंत सारंग हलायचा थांबला होता. मन्सूरभाईंचा हात तसाच पाण्यात. त्यांनी फक्त म्हटलं, "कसा काय झाला, माझा मलाच कळत नाय." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला ते बघवेना, आणि मला काही बघवेना झालं की मी ओरडते. मी ओरडले. ड्रायव्हर, नवे शेजारी, सगळ्यांदेखत. "दोन दिवस मुक्या जिवांना उपाशी ठेवलंत! उपाशी मारलंत त्यांना तुम्ही!"

माझ्याच तोंडून हे निघालं यावर माझा आजही विश्वास बसत नाही. मन्सूरभाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पांचा हात अजून वर होता, जिथे डबा होता तिकडे; आता त्या बाजूला फक्त मन्सूरभाई होते. मन्सूरभाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी विझलं. पेल्यातल्या पाण्याचा एक घोट घेऊन त्यांनी रोजा सोडला, नव्या घराच्या मागे खड्डा खणून पाचही मासे पुरले आणि मिळेल त्या एसटीनं परत गेले.

अप्पा त्यानंतर चार वर्षं होते. "सारंग" पुन्हा म्हणाले नाहीत. मी दापोलीतच दुसरे मासे आणायचं काढलं तर त्यांनी डोळे मिटून घेतले. दारात कुणी आलं की मात्र मान उचलायचे. कुणाची वाट बघत ते मला माहीत होतं. मन्सूरभाई आले नाहीत, आणि मी पत्र लिहिलं नाही. पत्रात काय लिहायचं हे ठरेना, असं मी स्वतःला चार वर्षं सांगितलं. अप्पा गेल्याचं कळल्यावरही ते आले नाहीत, तेव्हा खरं सांगते, मला थोडं हायसं वाटलं.

दोन हजार सहाच्या मे महिन्यात माझी बदली परत रत्नागिरीला झाली. पहिल्या शुक्रवारी दुपारी मी राजिवड्यात गेले. पडवीत टाक्या नव्हत्या. तिथे शिलाई मशीन होतं आणि कुलसुमभाभी बॉबिन भरत बसली होती. मला बघून उठली, पाणी दिलं, पंखा लावला. दुकान कुठे गेलं विचारलं तर तिनं सरळ सांगितलं.

"तुमच्या माशांपासून यांचा हात बिघडला. उपाशी ठेवला म्हणून मेले, असा डोक्यात बसला. मग कुणाचे मासे न्यायचे झाले की निघताना पोटभर दाणा घालायचे. मी म्हणायची, अवो, असा नव्हता तुम्ही करत. ऐकायचे नायत. एका डॉक्टरचे मेले, मग हॉटेलवाल्याचे. मग कोण बोलावतंय? टाक्या देऊन टाकल्या. पन्नाशीला कुवेतला गेले, आता गोदामात खोकी उचलतात."

 माझं खोटं त्यांच्या बरोबर दापोलीहून परत आलं होतं आणि त्यांच्या हातात राहायला गेलं होतं. मी भाभीला सगळं सांगितलं. दोन मुठी, भरणे नाका, फळीवर ठेवलेला डबा.  बॉबिन तिच्या बोटांत तशीच राहिली.

तेवढ्यात फोन वाजला. जुम्म्याच्या नमाजानंतर त्यांचा फोन येतो हे मला नंतर कळलं. भाभीनं रिसीव्हर उचलला, "मामांची मिरू आलीय," एवढंच म्हणाली आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "तुमीच सांगा."

मी सांगितलं.  मग मन्सूरभाईंनी विचारलं, "किती घातलात?"

"दोन मुठी."

"आणि मामांनी बघितला होता?"

"हो."

"म्हणजे तो डबा दाखवत होते ता..."

"तुम्हाला सांगत होते. मीच घातलं म्हणून."

  मग त्यांचा आवाज आला, अगदी हळू. "मला वाटला मामा माझ्याकडं बोट करतायत. उपाशी मारलास म्हणतायत. म्हणून मी नाय आलो, मिरूताय. मयतीला पण नाय आलो. कुठल्या तोंडानं येऊ, वाटला." पुढे काहीतरी म्हणत होते, पण कार्ड संपलं असावं. फोन बंद झाला.

मी रिसीव्हर जागेवर ठेवला. जेवणाची वेळ होती. आतून माशाच्या कालवणाचा वास येत होता, भाकऱ्या टोपलीत झाकून ठेवलेल्या दिसत होत्या. मी उठले, चपला घातल्या, मुद्दाम जरा वेळ लावून घातल्या. कुलसुमभाभी दारापर्यंत आली. उंबऱ्याला टेकून उभी राहिली आणि रस्त्याकडे बघत राहिली. जेवून जा म्हणाली नाही.

मी पायरी उतरले आणि उपाशीच घरी आले.